बांधावरचा प्रसंग

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



ज्या व्याख्यानमालेत संतवाङ्मय, संगीत नाटक आणि मराठ्यांचा इतिहास असे विषय योजिले आहेत, तीत बांधाच्या भांडणाला जागा मिळावी याचे काहींना नवल वाटले असेल. परंतु आपल्यापैकी पुष्कळांची थोडीबहुत जमीन गावाकडे आहे; ती भाऊ, चुलते किंवा वाटेकरी कसतात. काहींनी इकडेच शहराबाहेर भूखंड घेऊन ठेविले आहेत. दोन्ही ठिकाणी एक दुखणे समान आहे. मालक दूर असतो आणि शेजारी बारा महिने जागेवर असतो.

आपण गावी जातो ते बहुधा मे महिन्यात, मुलांच्या सुटीत. नेमकी तीच पावसाळ्यापूर्वीच्या नांगरटीची वेळ. नांगराचा तास बांधाला चाटून जातो, दर वर्षी वीतभर माती सुटते, आणि आपण चार वर्षांनी पाहतो तेव्हा बांध सरकलेला असतो. मग पंधरा दिवसांच्या रजेत तो प्रश्न ‘एकदाचा मिटवून टाकायचा’ असा निश्चय होतो. माझ्या मते सर्वांत मोठा धोका या घाईत आहे. शेजाऱ्याला घाई नसते. आपले परतीचे आरक्षण झालेले असते.

भांडण कितीचे असते, हेही एकदा मोजून पाहावे. आपल्याकडची जुनी मोजणी ३३ फुटी साखळीने होत असे. साखळी लांब व साखळी रुंद म्हणजे एक गुंठा, १०८९ चौरस फूट. बांध ६६० फूट लांब असेल आणि तो एक फूट सरकला, तर गेलेली जमीन ६६० चौरस फूट होते, म्हणजे अर्ध्या गुंठ्याहून थोडी अधिक. ती सोडून द्या असे मी म्हणत नाही. पण कोयता किंवा बंदूक हाती घेतलेल्या माणसासमोर उभे असताना आपण कशासाठी उभे आहोत, हे ठाऊक असावे.

आता तो प्रसंग डोळ्यांसमोर आणा. तुम्ही शेत पाहावयास गेला आहात. शेजारी बांध ओलांडून तुमच्या हद्दीत उभा आहे, हातात कुऱ्हाड आहे, तोंडात शिव्या आहेत. तुमच्याबरोबर तुमचा तरुण मुलगा किंवा पुतण्या आहे. अशा वेळी भला माणूसही मागे का सरत नाही? केवळ अभिमान म्हणून नव्हे. ‘आज मागे सरलो तर जमीन गेली’ अशी त्याची मनोमन समजूत असते. ही समजूत खरी असती तर माझ्या व्याख्यानाला अर्थ उरला नसता. ती खरी नाही.

कोणी एक दिवस, एक आठवडा तुमच्या शेतात घुसून उभा राहिला म्हणून त्याचा ताबा कायद्याने मान्य होत नाही. १९७५ साली पंजाबातील एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ‘स्थिर ताबा’ कशास म्हणावे याची कसोटी सांगितली. शेतजमिनीपुरते पाहावयाचे, तर घुसखोराने ताबा घेतल्यावर तेथे पीक काढले आहे काय, ही एक नेहमीची कसोटी मानली गेली. याची दुसरी बाजूही ध्यानात असू द्या. त्याचे पीक उभे राहून ताबा स्थिर झाला असेल, तर खऱ्या मालकालाही ते उपटून बळाने जमीन परत घेता येत नाही. त्याने कायद्याच्या मार्गानेच गेले पाहिजे.

हा मार्ग मुदतींचा आहे. शांततेचा भंग होईल असा जमिनीचा वाद असल्यास कार्यकारी दंडाधिकारी प्रत्यक्ष ताबा कोणाचा याची चौकशी करतो. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १४५ होते, ते आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १६४ झाले आहे. पोलिसांचा अहवाल त्याच्याकडे पोहोचण्यापूर्वी दोन महिन्यांच्या आत तुम्हांला बळाने हुसकले असेल, तर ताबा तुमचाच होता असे तो धरू शकतो. १९६३ च्या विशिष्ट अनुतोष अधिनियमाच्या सहाव्या कलमाखाली सहा महिन्यांच्या आत दावा लावला, तर मालकी कोणाची हा प्रश्न न काढताही ताबा परत मिळतो. महाराष्ट्रात १९०६ च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाची मुदतही सहा महिन्यांचीच. मालकीच्या आधारावरील दाव्याला तर बारा वर्षे मिळतात. याचा अर्थ एवढाच की, ज्या दिवशी कुऱ्हाड समोर असते त्या दिवशी तुम्हांला काही गमवावे लागत नाही. गमावतो तो घरी परत येऊन, पत्र न लिहिता, पुढच्या मे महिन्याची वाट पाहणारा.

‘पण स्वसंरक्षणाचा हक्क आहे ना?’ असे कोणी विचारील. आहे. प्रत्यक्ष अंगावर वार होत असेल तर पळूनच गेले पाहिजे असे कायदा म्हणत नाही. परंतु भारतीय न्याय संहितेच्या ३७ व्या कलमाने त्याला मर्यादा घातल्या आहेत. सरकारी मदत घेण्यास वेळ होता, तर हा हक्क नाही. आणि संरक्षणास आवश्यक त्याहून अधिक इजा करता येत नाही. नुसत्या शेतातील घुसखोरीसाठी कोणाचा जीव घेण्याचा हक्क कायद्याने दिलेला नाही. शिवाय अशा मारामारीनंतर फिर्याद एकच नसते. दोन्ही घरे एकमेकांवर फिर्याद करतात आणि दोन्ही घरांतील मुले आरोपी होतात. येथे बसलेल्या माझ्या शासकीय बांधवांनी १९६५ च्या केंद्रीय सेवा नियमांतील दहावा नियम आठवावा: ४८ तासांहून अधिक काळ अटकेत राहिलेला कर्मचारी निलंबित झाला असेच मानले जाते. गावातील शेजाऱ्यालाही हे माहीत असते, बरे का!

मग त्या घटकेला करावयाचे काय? प्रथम, आपल्याकडील तरुणांना मागे पाठवावे. पाणी आणावयास, गाडी वळवावयास, काहीही निमित्त करून. बघ्यांसमोर आणि पोरांसमोर दोन्ही बाजूंना माघार घेणे कठीण जाते. आपल्या हाती काठी, दगड, पहार काही नसावे आणि हात मोकळे दिसावेत. अंतर राखावे. कोयत्याला अंतर पुरते. बंदुकीला पुरत नाही, म्हणून तेथे काही न बोलता आल्या वाटेने सावकाश निघून यावे, आणि ती हिसकावण्याचा विचारही करू नये. त्याच्या बापाचा, जातीचा, कर्जाचा उल्लेख तोंडातून जाता कामा नये. मोबाईल त्याच्या तोंडासमोर धरून चित्रण करणे म्हणजे आगीत तेल ओतणे होय; दूर उभ्या असलेल्या कोणी केले तर केले. हद्द कोठे आहे याचा वाद तर त्या दिवशी मुळीच घालू नये, कारण ती दोघांनाही ठाऊक नसते. “मोजणीचा अर्ज देतो आहे, नोटीस तुलाही येईल, त्या दिवशी बोलू,” एवढे वाक्य पुरे. त्यात त्याच्याही अब्रूला परतण्याची वाट राहते. आणि तो दारू प्यायलेला असेल तर हेही वाक्य दुसऱ्या दिवसासाठी ठेवावे.

माझे एक सहकारी सातारा जिल्ह्यातील. त्यांच्यावर असाच प्रसंग आला तेव्हा ते मुलाला घरी पाठवून लिंबाच्या झाडाखाली जाऊन बसले. शेजारी अर्धा तास बोलत राहिला. उत्तर येत नाही असे पाहून तोच कंटाळला आणि निघून गेला. सहकाऱ्यांनी त्याच दिवशी पोलीस ठाण्यात तारीख-वेळेसह लेखी अर्ज दिला, पोच घेतली, आणि भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचे शुल्क भरले. चार महिन्यांनी मोजणी झाली. एका टोकाला शेजाऱ्याने दोन फूट घेतले होते हे खरे निघाले. दुसऱ्या टोकाला मात्र आमच्या या सद्गृहस्थांच्याच वडिलांच्या काळापासून तेवढेच शेजाऱ्याचे आत आले होते! मोजणीदाराने खुणा दाखविल्या तेव्हा दोघेही गप्प होते असे ते सांगतात.

धमकी सुरू असतानाच मदत हवी असेल तर ११२ हा क्रमांक लावावा. इकडे उत्तरेत, विशेषतः ग्वाल्हेर-चंबळ भागात, परवान्याची बंदूक खांद्यावर असणे नवे नाही. ती दाखवून धमकावले गेले असेल, तर फिर्यादीबरोबर परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याकडे, म्हणजे बहुधा जिल्हादंडाधिकाऱ्याकडे, वेगळा अर्ज द्यावा. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाच्या सतराव्या कलमाप्रमाणे सार्वजनिक शांततेसाठी परवाना निलंबित किंवा रद्द करता येतो. बंदूक बाळगणाऱ्याला परवान्याची काळजी तुरुंगाहून जास्त वाटते, असा माझा अनुभव आहे.

एक गोष्ट आपण दूरस्थ मंडळी विसरतो. आपण रेल्वेत बसतो. भाऊ मात्र त्याच वाटेने रोज विहिरीवर जातो. तेव्हा बांधावर आपण जे बोलू त्याची किंमत त्याला द्यावी लागते. त्याला विचारल्यावाचून अर्ज करू नये आणि त्याला एकट्याला पुढे करूनही आपण मागे राहू नये. महाराष्ट्र शासनाने २०२३ साली सलोखा योजना आणली आहे. एकाच गावात दोन शेतकऱ्यांकडे बारा वर्षांहून अधिक काळ एकमेकांच्या जमिनीचा ताबा असेल, तर अदलाबदलीचा दस्त नाममात्र एक हजार रुपये मुद्रांक शुल्क व एक हजार रुपये नोंदणी फीमध्ये करण्याची सोय तिने दिली. तिची मुदत चालू आहे काय, हे तलाठ्याकडे विचारावे. माझ्या सहकाऱ्यासारखी पुष्कळ प्रकरणे वस्तुतः याच जातीची असतात.

घरी गेल्यावर सातबारा, गावनकाशा आणि मागील मोजणीची ‘क’ प्रत यांचा एक संच येथे आपल्या कपाटात आणि एक भावाकडे ठेवावा. हद्दीचे दगड जागेवर असतील तर त्यांची छायाचित्रे तारखेसह काढावीत. इकडच्या भूखंडांना खसरा, खतौनी असे शब्द आहेत आणि बांधाला मेड म्हणतात. बाकी कागदांची गरज तीच. ज्यांनी आज आपले उतारे बरोबर आणले असतील, त्यांच्यासाठी मी चहापानानंतर अर्धा तास ग्रंथालयाच्या खोलीत थांबणार आहे.