टांग्याची घोंगडी

आज मी तुम्हांला एका आंबट बिअरची गोष्ट सांगणार आहे, आणि सुरुवातीलाच कबूल करतो, की ती मी प्यायलेलो नाही. मी मुसलमान घरातला. दारूला आमच्याकडे मनाई आहे आणि ती पाळणं मला कधी जड गेलं नाही. गंमत अशी, की तरुणपणी कवितेत मात्र मी भरपूर प्यालो. गझलेतून उचललेले साकी, पैमाना, मैखाना माझ्या पहिल्या वह्यांत ओळीओळीला सांडलेले आहेत. ज्या वस्तूचा कधी वासही घेतला नव्हता, तिची धुंदी मी मराठीत लिहीत होतो. ही उसनवारी मला फार उशिरा, ब्रुसेल्समध्ये फेडावी लागली.

२०२३ च्या मार्चमध्ये मी मुलीकडे रॉटरडॅमला गेलो होतो. सांगलीच्या कॉलेजातला माझा खोलीमित्र वीसेक वर्षांपासून ब्रुसेल्सला संगणकाच्या नोकरीत आहे. तो सायन्सचा, मी बी. ए. वाला. तो मला अजून 'शायर' म्हणतो. त्यात कौतुक किती आणि टिंगल किती, हे मी कधी विचारलं नाही. फोनवर म्हणाला, "एक दिवस ये शायर. मला तुझं नाक पाहिजे."

२०२१ साली त्याला कोरोना झाला होता. ताप गेला, खोकला गेला. वास गेला तो परत आलाच नाही. बहुतेकांचा काही आठवड्यांत, फार तर काही महिन्यांत परततो. थोड्यांचा रेंगाळतो, काहींचा येतच नाही. त्याच्या घरी मेजावर चार बाटल्या होत्या : गुलाब, लिंबू, लवंग, निलगिरी. सकाळ-संध्याकाळ एकेक हुंगायची आणि तो वास आठवायचा. जर्मनीतल्या ड्रेस्डेनच्या संशोधकांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेली ही नाकाची तालीम. तो ती नेमाने करत होता. "चारही बाटल्यांत पाणीच भरलंय असं वाटतं," म्हणाला. मग थोड्या वेळाने, दुसरीकडे बघत : "आई गेली तेव्हा गावी गेलो होतो. तिचं लुगडं नाकाशी धरून बसलो. नुसतं कापड होतं रे."

यावर काय बोलावं, मला सुचलं नाही.

दुपारी तो मला आंदरलेख्त भागातल्या 'कांतियों' या बिअरच्या कारखान्यात घेऊन गेला. मिडी स्टेशनपासून चालत जाण्याइतका जवळ. १९०० साली सुरू झालेला हा घरगुती कारखाना १९७८ पासून संग्रहालय म्हणूनही लोकांना खुला आहे. बाहेरून बघाल तर जुनं गोदाम वाटेल.

तिथे बनते ती लाम्बिक. दोन भागांच्या आसपास मोड आणून वाळवलेलं सातू आणि एक भाग कच्चा गहू. त्यांचा गोड काढा हॉपच्या फुलांबरोबर उकळतात. हॉप कडू असतं, म्हणून ते मुद्दाम दोन-तीन वर्षं जुनं करून घेतात. कडूपणा ओसरतो, पण बिअर टिकवण्याचा गुण राहतो. मग तो काढा माळ्यावर चढवतात. तिथे तांब्याचं एक पसरट, उथळ भांडं आहे. आपल्या गुऱ्हाळातली काहीलच म्हणा, फक्त फार मोठी. थंडीच्या रात्री काढा त्यात उघडा पडून राहतो. छपराच्या फटींतून हवा येते आणि त्या हवेतलं, त्या जुन्या लाकडातलं रानटी यीस्ट आणि जिवाणू त्यात उतरतात. कुणी विरजण लावत नाही. ते काम रात्र करते. म्हणूनच हे फक्त थंडीच्या महिन्यांत चालतं. उन्हाळ्यात नको ते जंतू माजतात. सकाळी काढा लाकडी पिंपांत भरला, की पुढे एक ते तीन वर्षं वाट बघायची.

पिंपांच्या ओळींवर कोळ्यांची जाळी लोंबत होती. मला वाटलं, साफसफाईचा आळस. मित्र म्हणाला, नाही, कोळी इथले राखणदार आहेत. फळांच्या वासावर माश्या येतात, त्या ते खातात. म्हणून जाळ्यांना कुणी हात लावत नाही.

फळाची लाम्बिक म्हणजे 'क्रीक'. क्रीक हे तिथल्या फ्लेमिश बोलीत आंबट चेरीचं नाव. लिटरमागे सुमारे २०० ग्रॅम अख्ख्या चेऱ्या, बियांसकट, मुरलेल्या लाम्बिकमध्ये टाकतात. यीस्ट फळातली साखर खाऊन टाकतं. रंग उरतो, आंबटपणा उरतो, वास उरतो. पुढे थोडी कोवळी लाम्बिक मिसळून बाटलीत भरतात, म्हणजे फसफस येते.

फेरीच्या शेवटी पेला समोर आला. डाळिंबाच्या रसासारखा लाल, वर गुलाबी फेस, तोही लगेच बसला. मित्राने एक घोट घेतला आणि डोळे मिटून घेतले. "आंबट," म्हणाला. "चिंचेचं कोवळं बोटुक चावल्यासारखं. गोड अजिबात नाही. शेवटी तोंड जरा कोरडं होतं. बस्स. पुढे भिंत."

आंबट जिभेला कळतं, आणि जीभ त्याची शाबूत होती. पण चेरी जिभेला कळत नाही. फळ कोणतं, हे नाक सांगतं. घोट गिळताना घशाच्या मागून वाफ नाकात चढते, तेव्हा ते समजतं. जिभेवर सगळी फळं आंबट, गोड, तुरट एवढीच असतात. नाव त्यांना नाक देतं. मित्राने पेला माझ्याकडे सरकवला. "पिऊ नकोस. वास घे आणि मला सांग. आणि हे बघ, गझलेतलं काही सांगू नकोस."

मी पेल्यावर वाकलो. खरं सांगतो, पोटात गोळा आला. तीस वर्षं शब्दांवर पोट भरल्याचा आव आणलेला माणूस, आणि समोर एकच वाचक, ज्याला खोटं चालणार नव्हतं.

"चेरी आहे," मी म्हटलं. "पण ताजी नाही. बरणीत राहिलेली."

"पुढे."

"कडू बदाम. बियांचा असावा." त्याने मान हलवली. बियांमुळे तसा वास येतो, हे त्याला वाचून माहीत होतं. पण माहीत असणं वेगळं.

"पुढे."

मी पुन्हा वास घेतला. फळाच्या खाली काहीतरी होतं. ओलसर, थोडं घामट, घाण म्हणावं तर घाण नाही. ओळखीचं होतं आणि नाव सापडत नव्हतं. आणि एकदम सापडलं. "मामूंचा टांगा," मी म्हटलं.

माझे मामू मिरजेच्या स्टेशनाबाहेर टांगा चालवायचे. हा मित्र सुट्टीवरून परतताना कवठेमहांकाळहून छोट्या गाडीने मिरजेला उतरायचा आणि मामू त्याला फुकट एस. टी. स्टँडवर सोडायचे. पावसाळ्यात घोड्याच्या पाठीवर एक घोंगडी असायची. ओली घोंगडी, खाली घोड्याचा घाम, पायाशी भिजलेला चारा. तोच वास.

मित्र काही बोलेना. मग हसला. "लेका, ठाऊक आहे का? ब्रेट नावाचं जे रानटी यीस्ट असतं ना, त्याच्या वासाला बिअरची पारख करणारे 'घोड्याची घोंगडी' असंच म्हणतात. पुस्तकात दहा वेळा वाचलं. मला मामूंची आठवण का नाही झाली?"

"आला का वास?" मी विचारलं.

"नाही." त्याने पेला परत ओढून घेतला, हळूहळू संपवला. "पण कुठला वास येत नाहीये, ते आज कळलं. इतके दिवस सगळं सारखंच नव्हतं."

चमत्कार काही झाला नाही. चार बाटल्यांची तालीम तो अजून करतो. मध्ये म्हणाला, लवंगेच्या बाटलीत काहीतरी आहे असं वाटतं, पण लवंग की भ्रम, कळत नाही. दर रविवारी त्याचा फोन येतो. "बोल शायर, आज कशाचा वास?" मी काय आहे ते सांगतो. ओल्या पायपुसण्याचा, शेजारच्या फोडणीचा, अम्मीच्या पेटीतल्या कापराचा. पैमाने आणि साकी त्यात कुठे बसत नाहीत. तो मध्येच अडवतो, "हा नाही पटला, नीट सांग." मग मी उठतो आणि पुन्हा एकदा जाऊन वास घेऊन येतो.