ब्रॉडवेपर्यंत न पोचलेले पाहुणे

न्यूयॉर्क शहरातून मोटारीने दोनेक तास वायव्येला गेलं की सलिव्हन काउंटीच्या टेकड्या लागतात. १९५०च्या दशकात ही काउंटी आणि शेजारची अल्स्टर काउंटी मिळून पाचशेवर हॉटेलं होती. गिऱ्हाईक मुख्यतः ज्यू, कारण हवापालटाच्या इतर अनेक ठिकाणी त्यांना दारातूनच परत पाठवत. लिबर्टी गावातलं ग्रॉसिंगर्स हे त्यातलं नावाजलेलं हॉटेल. त्याचा पाया घातला तो नापीक जमिनीने. सेलिग आणि माल्के ग्रॉसिंगर या स्थलांतरित जोडप्याने शेत घेतलं, ते पिकेना, म्हणून १९१४च्या सुमारास त्यांनी घरातच पाहुणे ठेवायला सुरुवात केली. कोकणात ‘घरगुती राहण्या-जेवण्याची सोय’ अशी पाटी लागते, तसाच हा प्रकार.

मग विमानप्रवास आवाक्यात आला, शहरातली घरं वातानुकूलित झाली, पूर्वी बंद असलेली दारंही उघडली. पुढच्या पिढीने फ्लोरिडा गाठलं. ग्रॉसिंगर्स १९८६ साली बंद पडलं, तिथलंच दुसरं मोठं हॉटेल कॉन्कॉर्ड १९९८ साली. ‘डर्टी डान्सिंग’ची लेखिका लहानपणी सुट्टीला ग्रॉसिंगर्समध्ये येत असे, तो चित्रपट १९८७ साली पडद्यावर आला, तेव्हा त्या हॉटेलाला कुलूप लागलेलं होतं.

ओसाड हॉटेल नुसतं उभं राहिलं म्हणून फुकट पडतं असं नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये ग्रॉसिंगर्सच्या उरलेल्या एका इमारतीला आग लागली. विझवायला धावले ते आसपासच्या गावांतले स्वयंसेवक. त्या भागात अग्निशमन बहुतांशी स्वयंसेवकांच्याच जिवावर चालतं. मालक कुणीही असो, पडक्या भिंतींचा भुर्दंड गावाला बसतो. त्यामुळे ‘काहीतरी करा, पण हे उठवा’ असं स्थानिकांना वाटलं तर नवल नाही. घोळ होतो तो त्या ‘काहीतरी’पाशी.

कॉन्कॉर्डचंच घ्या. १५०० खोल्यांच्या आसपासचा हा अवाढव्य पसारा पाडला गेला. २०१३ साली न्यूयॉर्क राज्याने सार्वमत घेऊन कॅसिनोंना वाट मोकळी केली. मागे पडलेल्या ग्रामीण भागात रोजगार येईल, हा त्यामागचा मुख्य युक्तिवाद. ८ फेब्रुवारी २०१८ रोजी कॉन्कॉर्डच्या जुन्या जागेत ‘रिसॉर्ट्स वर्ल्ड कॅटस्किल्स’ हा कॅसिनो उघडला. त्याची दोरी मलेशियाच्या गेंटिंग उद्योगामागच्या कुटुंबाच्या हाती. राज्याला मिळणाऱ्या जुगारकरातले १० टक्के यजमान गाव आणि काउंटी यांनी निम्मे-निम्मे वाटून घ्यायचे, असं कायदाच सांगतो. गावाला रोख पैसा आला, नोकऱ्याही आल्या; हे नाकारणं अप्रामाणिकपणाचं ठरेल.

पण पहिल्याच वर्षी चालक कंपनीला तेरा कोटी डॉलरांहून अधिक तोटा झाला. पुढे त्याच उद्योगसमूहाने शहराच्या अधिक जवळ, न्यूबर्गला, जुगारयंत्रांचं दुसरं केंद्र काढलं. एका छपराखाली सगळी अंडी ठेवली की ती फुटताना मोजायला गावच उरतं, त्याचा हा नमुना.

दुसरं उदाहरण भारतीय वाचकाच्या ओळखीचं निघेल. कुत्शर्स हे त्या भागातलं अखेरच्या मोठ्या हॉटेलांपैकी एक. बास्केटबॉलपटू विल्ट चेंबरलेनने तरुणपणी तिथे सामान वाहण्याची नोकरी केली होती. २०१३ साली ते विकत घेतलं ‘झी’चे संस्थापक सुभाष चंद्र यांच्या उद्योगाने. जुन्या इमारती पाडल्या, आणि २०१८ साली तिथे ‘योवन’ हे आयुर्वेद-निसर्गोपचार केंद्र सुरू झालं. जागा जिवंत झाली, झाडी राहिली, गर्दीचा त्रास नाही. मात्र अशा केंद्रात आठवडाभर राहणारा पाहुणा पथ्याचं जेवण आत जेवतो, उपचार आत घेतो आणि परततो. गावातल्या वाण्याला त्याचं तोंड दिसत नाही.

तिसरा धागा तर थेट ठाणे जिल्ह्यात पोचतो. गणेशपुरीच्या स्वामी मुक्तानंदांच्या संस्थेने याच काउंटीतल्या साउथ फॉल्सबर्गमध्ये बंद पडलेल्या हॉटेलांच्या जागा घेऊन आश्रम उभारला. भर उन्हाळ्यात तिथे हजारोंनी साधक येत, तेव्हा खोल्या भाड्याने देणाऱ्यांची चलती असे. नंतर संस्थेने मोठे मेळावे आवरले आणि ती वर्दळ ओसरली. शिवाय धार्मिक वापरातल्या मालमत्तेला राज्याच्या कायद्याने करमाफी मिळू शकते. तिकडे शाळा चालते ती बऱ्याच अंशी मालमत्ताकरावर, म्हणून एखाद्या जागेचा कर गेला की शेजाऱ्याचं बिल वाढतं. कॅसिनोसारख्या प्रकल्पांनाही काउंटीची औद्योगिक विकास संस्था वर्षानुवर्षांच्या करसवलती देते. तेव्हा आश्रमाकडे बोट दाखवणाऱ्याने जुगारघराकडेही दाखवावं.

जुन्या हॉटेलांचे गोडवे गाण्यातही अर्थ नाही. काम हंगामी, कमाई बक्षिशीवर, नोकरांच्या खोल्या कोंदट. तरीही मालक तिथेच राहत आणि त्यांची मुलं तिथल्याच शाळेत जात. दूध, अंडी, भाजी यांतला बराच माल जवळपासच्या शेतांतून येई. नव्या प्रकल्पांत मालक दूर असतो, माल ट्रकने येतो. कामगारांना परवडेल असं घर जवळ मिळतंच असं नाही. करारात जागेचं बांधकाम असतं, त्यांच्या निवाऱ्याचं कलम क्वचितच.

मॉन्टिसेलो हे काउंटीचं मुख्य गाव. तिथल्या मुख्य रस्त्याचं नाव ब्रॉडवे. कॅसिनो तिथून काही मैलांवर आहे. शहरातून येणारी मोटार महामार्ग सोडते ती सरळ कॅसिनोच्या वाहनतळात शिरते, आणि परतताना तिथूनच महामार्गाला लागते. ब्रॉडवेवरच्या रिकाम्या दुकानांच्या काचांसमोरून जायची तिला गरजच पडत नाही.