अणूंचें स्थैर्य आणि माणसाचा धीर

पोलादपूर तालुक्यांतील उमरठ येथें तानाजी मालुसरे यांची समाधि आहे. १६७० सालीं ते सिंहगडावर पडले. पण गड एका रात्रींत हातीं आला. त्याच सिंहगडाच्या परिसरांतील पुण्यांत आज एका निराळ्या गडाची चढाई चालू आहे. तिला रात्र पुरत नाहीं, वर्षें लागतात. उमरठच्या शाळेंतील हुषार मुलानें पदार्थविज्ञानाची वाट धरावी काय, असा प्रश्न ज्या पालकांस पडेल, त्यांनीं ती हकीकत ऐकावी.

पाषाण येथील भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेंत प्राध्यापक उमाकांत रापोल रुबिडियम धातूच्या अणूंवर प्रयोग करतात. पूर्वीं बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेंत असतां, प्राध्यापक वसंत नटराजन यांच्याबरोबर त्यांनीं याच अणूच्या ऊर्जापातळ्यांचीं सूक्ष्म मापनें केलीं. त्यांवरील निबंध २००३ सालीं प्रसिद्ध झाला.

नेहमींच्या उष्णतामानांत हे अणु सेकंदास सुमारें ३०० मीटर वेगानें धांवतात. समोरून योग्य लेसर-प्रकाशाचा रेटा दिला म्हणजे ते मंदावतात, आणि पुढील उपायांनीं केवल शून्याच्या अगदीं जवळ थंड होतात. मग त्यांचा तरंगस्वभाव प्रकट होतो.

साध्या संगणकांतील प्रत्येक खूण शून्य तरी असते किंवा एक तरी. क्वांटम संगणकांत ती दोन्ही अवस्था एकसमयीं धारण करूं शकते. त्यामुळें कांहीं अवघड गणितें फार थोड्या पायऱ्यांत सुटूं शकतात. परंतु बाहेरची यत्किंचित् खळबळ लागली कीं ही जोडस्थिति झपाट्यानें मोडते. या विद्येंतील मोठा शत्रु तोच.

रापोल, प्राध्यापक संथानम व त्यांचे विद्यार्थी यांनीं थंड अणूंस प्रकाशाचे ठोके दिले, आणि त्या मालिकेंत विशिष्ट गणिती घाटाचा विस्कळितपणा मुद्दाम मिसळला. तेव्हां अवस्थांची सुसंगति नेहमींपेक्षां सावकाश ढळली. शिवाय विस्कळितपणाचा घाट बदलून ती गति आवरतां आली. हा निबंध २०१७ सालचा. शत्रूचा स्वभाव ओळखण्याचें हें एक पाऊल होय.

पहिल्या निबंधापासून या निबंधापर्यंत चौदा वर्षें गेलीं. अणु मात्र तोच राहिला. एप्रिल २०२३ मध्यें केंद्र सरकारनें क्वांटम संशोधनासाठीं सुमारें ६,००० कोटी रुपये मंजूर केले. पैशानें आरसे व लेसर आणतां येतात. ते केसभर न ढळतां जुळविणारा हात वर्षांनींच तयार होतो. म्हणून मुलाला पगार केव्हां मिळेल, हें विचारण्यापूर्वीं पालकांनीं एक गोष्ट पाहावी: बिघडलेलें घड्याळ उघडून तो किती वेळ शांत बसतो?