हशाचें देणें



प्रणयप्रधान विनोदी चित्रपटाचा प्रेक्षक तसा फार उदार असतो. नायक भित्रा असला, नायिका हट्टी असली, दोघेंही खोटें बोलत असलीं, तरी तो रागावत नाहीं. त्याची अट एकच: या दोघांचें शेवटीं जमावें, असें त्याला मनापासून वाटलें पाहिजे. ही अट मोडली म्हणजे कुशल दिग्दर्शकाचाही डाव कसा फसतो, तें बिली वाइल्डर यांच्या १९६४ सालच्या ‘किस मी, स्टुपिड’ या चित्रपटांत दिसतें.

नेवाडा राज्यांतील एका आडगांवीं ऑरव्हिल स्पूनर हा पियानोशिक्षक राहतो. गाणीं रचून नशीब काढण्याची त्याला हांव आहे. डीनो नांवाचा विख्यात, स्त्रीलंपट गायक वाटेंत त्या गांवीं थांबतो. ऑरव्हिलचा जोडीदार त्याची मोटार मुद्दाम बिघडवतो आणि त्याला रात्रीच्या मुक्कामाला ऑरव्हिलच्या घरीं आणतो. गाणें खपावें म्हणून पाहुण्याला खूष तर करावयाचें. पण पत्नी झेल्डा त्याच्या दृष्टीस पडतां कामा नये! तेव्हां लग्नाच्या वाढदिवशींच ऑरव्हिल तिच्याशीं भांडण उकरून काढतो. ती रडत माहेरीं जाते, आणि मद्यगृहांतील पॉली नांवाच्या मुलीला पैसे देऊन तिच्या जागीं उभें करण्यांत येतें.

प्रसंगाची जुळणी चोख आहे. मग हसूं कां येत नाहीं? अमेरिकेंतील कॅथॉलिक नीतिरक्षकांनीं हा चित्रपट अनीतीचा म्हणून तेव्हांच निषिद्ध ठरविला होता. परंतु केवळ अनीतीनें विनोद मरत नाहीं. याच वाइल्डर यांनीं, डायमंड या त्याच सहलेखकाबरोबर, १९६० सालीं ‘दि अपार्टमेंट’ काढला होता. त्यांतील कारकून बॅक्स्टर बढतीच्या लोभानें आपली जागा वरिष्ठांना चोरट्या भेटींसाठीं देतो. हें कृत्य कांहीं सात्त्विक नव्हे. तरीही तो आपला वाटतो. आणि त्या चित्रपटाला सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या मानासह ५ ऑस्कर पारितोषिकें मिळालीं.

दोषाची किंमत कोण भरतो, यांत सारा फरक आहे. बॅक्स्टर जागा देतो आणि स्वतः रात्रीं उद्यानांतील बाकावर कुडकुडतो. सर्दी त्यालाच होते. जिच्यावर त्याचें मन जडलें, तीच त्या जागेंत साहेबाला भेटते हें कळल्यावर घायाळही तोच होतो. अखेर किल्ली नाकारून तो नोकरीवर पाणी सोडतो. ऑरव्हिलचें सारें उलटें. लोभ त्याचा, अश्रू झेल्डाचे. बेत त्याचा, मानहानि पॉलीची. शिकवणीला येणाऱ्या पोरावरही संशय घेणारा त्याचा मत्सर प्रेमाची खूण न वाटतां मालकीची वाटतो. डीनोला तर वासनेपलीकडे मनच दिलेलें नाहीं.

या रखरखाटांत एकच ओलावा आहे. पॉली त्या परक्या घरांत एका रात्रीपुरती गृहिणी होते, आणि तें सोंग तिला हळूहळू सुखाचें वाटूं लागतें. किम नोव्हाक यांनीं हा बदल फार हळुवारपणें दाखविला आहे. तेथें ऑरव्हिलही विरघळतो, पाहुण्याला घराबाहेर काढतो. पण पुढें त्याचें गाणें खपतें, तें झेल्डाची त्याच रात्रीं डीनोशीं गांठ पडल्यामुळें. म्हणजे यशही दुसऱ्याच्याच खर्चानें!

आरंभीं ही भूमिका पीटर सेलर्स करीत होते. त्यांना हृदयविकाराचा झटका आल्यानें ती रे वॉल्स्टन यांच्याकडे गेली. थोर नटानें पात्राला अधिक गंमत आणली असती, हें खरें. परंतु देणें फेडण्याची संधि पात्राला लेखकानेंच द्यावी लागते.

विनोदांतील नायकानें खुशाल मूर्ख असावें, लोभीही असावें. मात्र आपल्या मूर्खपणाचें देणें त्यानें स्वतः चुकतें करावें. तें दुसऱ्याच्या नांवावर टाकणाऱ्याच्या प्रेमाला यश यावें, असें आपल्याला तरी कां वाटावें?