कामाचा कागद

(कामगार दिनानिमित्त पुणतांबा येथे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



मी कायद्याचा पंडित नाही. कलाशाखेचा पदवीधर, बँकेत कारकून. परंतु काउंटरच्या आत बसणाऱ्याला बाहेरच्या माणसाची अडचण लवकर कळते, एवढ्याच अधिकाराने बोलतो.

पूर्वी अशा सभेत आपण सगळे कामगार म्हणूनच बसत होतो. आज आपल्यातलेच काहीजण मालक झाले आहेत. कोणी सेंट्रिंगचा ठेका घेतो, कोणाचे वेल्डिंगचे दुकान आहे, कोणी ऊसतोडीची टोळी नेतो. ही अभिमानाची गोष्ट आहे. म्हणूनच दोन कडू शब्द बोलणार आहे.

७ नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबईच्या कामगारांनी औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध संप केला, त्यात बाबासाहेब अग्रभागी होते. १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. त्यांच्याच कारकिर्दीत कायदा दुरुस्त होऊन बारमाही कारखान्यांतील कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला. हा आपला वारसा आहे.

आता आजचे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार नव्या कामगार संहिता अमलात आल्या. एक वेतनाची २०१९ ची. औद्योगिक संबंध, सामाजिक सुरक्षा आणि कामाच्या ठिकाणची सुरक्षा या तीन २०२० च्या. जुने २९ केंद्रीय कायदे त्यांत सामावले. त्यात सगळेच कामगाराच्या बाजूचे आहे असे नाही. पूर्वी १०० कामगारांच्या कारखान्याला कपातीसाठी सरकारची परवानगी लागे, आता ती मर्यादा ३०० झाली. संघटनांचा त्यावर आक्षेप आहे आणि तो मला रास्त वाटतो.

परंतु छोट्या मालकांनी पुढील गोष्टी ध्यानात घ्याव्यात. दहा किंवा अधिक कामगार असतील तर प्रत्येकाला नेमणूकपत्र द्यावे लागते. महिन्याचा पगार पुढील महिन्याच्या ७ तारखेच्या आत द्यायचा. काम सोडले किंवा काढून टाकले, तर दोन कामकाजी दिवसांत हिशेब चुकता करायचा. जादा तासांना दुप्पट दर. मजुरीची तक्रार तीन वर्षांपर्यंत करता येते आणि पैसे दिले हे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर आहे. म्हणजे "मी हातात रोख दिले होते" हे म्हणणे पुरेसे नाही. कागद कामगाराला तारतो तसाच प्रामाणिक मालकालाही तारतो.

एक घरातली गोष्ट सांगतो. माझ्या चुलतभावाकडे सेंट्रिंगवर बारा माणसे होती. त्यातला एक मुलगा स्लॅबवरून पडला, कंबर मोडली. त्याची आई बँकेत माझ्याकडे आली. म्हणाली, "भाऊ, माझ्या लेकराचं कुठंच नाव नाही का हो?" खरोखरच नव्हते. बांधकाम कामगार मंडळात नोंदणीसाठी वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. मुलाने तो दोनदा मागितला होता. "सही केली तर उद्या माझ्यावर शेकेल" म्हणून भावाने दिला नाही. दवाखान्याचा खर्च त्याने केला, हे नाकारत नाही. पण हक्काचे जे मिळायचे ते दयेवर आले. मला हे ठाऊक होते आणि मी भावाला टोकले नव्हते. त्या माउलीसमोर माझी मान खाली गेली.

बंधूंनो, ज्यांच्या वाडवडिलांनी वेठ केली, त्यांनी दुसऱ्याच्या घामाची नोंद ठेवू नये, हे शोभत नाही. हजेरीचे पुस्तक ठेवा, मजुरी खात्यात जमा करा, ९० दिवसांच्या दाखल्यावर सही करा. खाते उघडायला अडचण आली तर मी आहे.

विद्यार्थी मित्रहो, पहिल्या नोकरीच्या दिवशी पगार किती हे विचाराल, तसेच नेमणूकपत्र केव्हा मिळेल हेही विचारा. लाजू नका. आणि उद्या मालक झालात, तर कोणी मागण्याआधी द्या.

माझ्या भावाने आता सर्वांचे दाखले दिले आहेत. उशिरा दिले, पण दिले. आपण उशीर करू नये, एवढीच विनंती.

जयभीम!