यमुना कुणाची?

मित्रांनो, आणि मागं दाराशी बसलेल्या मैत्रिणींनो, पुढं या. आजचं बोलणं तुमच्याबद्दलच आहे.

'यमुनापर्यटन' १८५७ साली निघालं. लिहिणारे बाबा पदमनजी. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून प्राध्यापक तिचं नाव घेतात, परीक्षेत दोन मार्कांना विचारतात, आणि संपलं. आत काय आहे? एक पोर आहे. यमुना. शिकलेली, मनातून ख्रिस्ताकडं वळलेली. नवरा विनायक तिच्याच विचाराचा. दोघं जोडीनं फिरतात, गावोगावच्या विधवांचे हाल बघतात. मग विनायक मरतो. जे दुःख परक्या घरांत पाहिलं, तेच तिच्या दारात येऊन बसतं. विधवेनं मान खाली घालून सोसायचं हा रिवाज. यमुना तो मानत नाही. ती उघडपणे ख्रिस्ती होते आणि दुसरं लग्न करते.

त्याच्या आदल्याच वर्षी, १८५६ ला, सरकारनं विधवाविवाहाचा कायदा केला. कायदा म्हणाला, लग्न कर. पण मेलेल्या नवऱ्याच्या इस्टेटीवरचा हक्क सोड. म्हणजे निवड करायची तर किंमत मोज!

पदमनजी पानोपानी धर्मप्रचार करतात, हे खरं. तरी बाईनं देव स्वतः निवडावा, जोडीदारही स्वतः निवडावा, हे मराठी कादंबरीनं पहिल्याच पावलाला लिहिलं. हे आपलं मानून घ्या.

पण ही यमुना कुणाची? केशवपन हे उच्चवर्णीय घरातलं दुखणं. आमच्या आज्यांना पाटाची, मोहतुराची वाट मोकळी होती. त्यांचं मरण वेगळं होतं. भूक, वेठ, गावाबाहेरचं घर. ते या कादंबरीत शोधू नका. ते दोन वर्षं आधीच, १८५५ ला, 'ज्ञानोदया'त छापून आलंय. लिहिणारी जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेतली मांगाची पोर, मुक्ता साळवे. उघड्यावर बाळंत होणाऱ्या आपल्या बायांची वेदना तिनं मांडली. वेद ब्राह्मणांचे, मग आमचा धर्म कोणता, असं रोखठोक विचारलं. यमुना कागदावरची, मुक्ता हाडामांसाची. तिच्या प्रश्नाला उत्तर मिळायला १४ ऑक्टोबर १९५६ उजाडावा लागला. एकशे एक वर्षं!

धर्म आपण निवडला. प्रेमाचं काय? बाबासाहेबांनी १९३६ लाच सांगितलं, जात मोडायची तर आंतरजातीय लग्नं करा, आणि जातीला टेकू देणाऱ्या शास्त्रांवरची श्रद्धा मोडा. आपण भाषणात टाळ्या घेतो. घरी बहिणीनं नुसती पोटजात ओलांडली, तरी आपलाच भाऊ दार लावून घेतो. मोर्चात ती पुढं हवी, निर्णयात मागं. ही कुठली क्रांती?

१९५४ च्या विशेष विवाह कायद्यात तीस दिवसांची नोटीस लागते. बापाला, चुलत्याला, गावाला तीस दिवस मिळतात. त्या तीस दिवसांत पोर एकटी असते. तेव्हा आपली संघटना कुठं असते?

त्याच कायद्यात तीन साक्षीदारही लागतात. इथं बसलेल्यांपैकी तीन जण कोण, ते आज उठायच्या आधी सांगा. कादंबरीवर चर्चा नंतर करू.

जयभीम!