क्षेपणास्त्राचे सुकाणू
(शिरूर-दौंड परिसरातील ज्ञातिबांधवांच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



क्षेपणास्त्र म्हटले की डोळ्यांपुढे ज्वाळा उभी राहते. परंतु केवळ ज्वाळेने अस्त्र लक्ष्यावर पोहोचत नाही. त्याला सुकाणू लागते. ३ ऑक्टोबर १९४२ रोजी यशस्वीपणे उडालेल्या जर्मन व्ही-२ अस्त्राच्या तप्त झोतात ग्रॅफाइटची चार पाती होती. ती तेलाच्या दाबाने वळत आणि त्या तेलास आज्ञा विजेची असे.

अशी आज्ञा पाळणाऱ्या झडपेस सर्व्हो व्हॉल्व्ह म्हणतात. तिचे कार्य शेतकऱ्यास सहज उमजेल. खडकवासल्याच्या कालव्याचे पाणी दौंडकडील शिवारात आले म्हणजे दारे धरणारा मनुष्य सरी किती भरली हे पाहून दारे मोडतो वा बांधतो. तद्वत् या झडपेत काही मिलिअँपिअर प्रवाहाने एक चिमुकली पट्टी किंचित हलते, दोन तोट्यांतील दाबात अंतर पडते आणि त्यामुळे आतील दांडी सरकून जबर दाबाच्या तेलाला वाट देते. हा दाब चौरस सेंटिमीटरला २१० किलोपर्यंत असतो. पाते किती वळले ते मोजून, उणीव असेल तेवढीच आज्ञा पुन्हा दिली जाते. दांडीभोवतालची फट अवघ्या काही मायक्रॉनची, केसाच्या जाडीहून पुष्कळ लहान. तेथे धुळीचा कण अडकला तरी अस्त्र वाट चुकू शकते.

भारताने १९८३ साली क्षेपणास्त्रांचा एकात्मिक कार्यक्रम हाती घेतला व २५ फेब्रुवारी १९८८ रोजी ‘पृथ्वी’ प्रथम उडाले. तत्पूर्वीच, १९८७ साली, सात राष्ट्रांनी अशा सामग्रीच्या निर्यातीवर निर्बंध घातले होते. त्या गटात भारतास प्रवेश मिळाला तो २०१६ साली. जे मागून मिळत नाही ते स्वहस्ते घडवावे लागते.

आणि घडविणारे हात कोणाचे? आराखडा अभियंता काढतो. मायक्रॉन साधतो तो यंत्रावरचा कारागीर. आम्ही शाळेत असता एखाद्या हुशार मुलास तंत्रशिक्षणास पाठवा असे सुचविले, की पालक म्हणत, “गुरुजी, पोराचे हात काळे करायचे काय?” शिरूर तालुक्यात रांजणगावची औद्योगिक वसाहत उभी राहिली, तरी हा प्रश्न आम्हांस अद्याप ऐकू येतो. आपल्या मंडळाच्या शिष्यवृत्त्याही पदवीच्याच विद्यार्थ्यांस मिळतात. त्यांपैकी निदान दोन यंत्रकाम शिकणाऱ्यांसाठी, आणि त्यांतील एक मुलीसाठी, राखून ठेवावी, अशी आमची या सभेस आग्रहाची विनंती आहे.

बळ पुष्कळांपाशी असते. त्याला योग्य वेळी योग्य तेवढे वळण देणे, हीच खरी विद्या.